वारा मोजला, सागरतळाचे काय?

समुद्री पवनऊर्जेची बातमी आली की चर्चा हमखास वाऱ्याच्या वेगाभोवती आणि विजेच्या दराभोवती फिरते. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. खंभातच्या आखातातील वारा तर २०१७ पासून लायडारने मोजला गेला आहे. मात्र हे सारे ज्यावर उभे राहायचे, तो सागरतळ या चर्चेत क्वचितच डोकावतो.

समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचे काम बहुधा जॅक-अप जहाजे करतात. पाय वर घेऊन तरंगत जागेवर यायचे, पाय तळाशी टेकवायचे आणि त्याच पायांवर स्वतःला पाण्याबाहेर उचलून घ्यायचे, अशी ही रचना. तरंगत्या क्रेनने हे काम अवघड का, याचे उत्तर शालेय त्रिकोणमितीत आहे. जहाज अवघा १ अंश कलले तरी १०० मीटर उंचीवरचे टोक सुमारे पावणेदोन मीटर सरकते. आणि तेथे शेकडो टनांचा जनित्रकक्ष बोल्टांच्या छिद्रांवर अचूक बसवायचा असतो.

भारताला हे तंत्र अपरिचित नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘मुंबई हाय’चे तेल लागले ते ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या जॅक-अप रिगच्या विंधनातून. (तीच रिग डिसेंबर २०२२ मध्ये तेल-वायू उत्पादनाच्या फिरत्या मंचाच्या रूपात अरबी समुद्रात पुन्हा रुजू झाली.) परंतु अशा यंत्राचे खरे भवितव्य पोलादापेक्षा त्याच्या पायांखालच्या मातीवर अवलंबून असते.

पायांच्या टोकाशी ‘स्पडकॅन’ नावाचे रुंद तळवे असतात. रिग उभी राहिली की टाक्यांत समुद्राचे पाणी भरून वादळात येऊ शकेल एवढा भार आधीच दिला जातो. माती तो पेलते असे दिसल्यावरच पाणी सोडून कामाला सुरुवात होते. धोका असतो तो मऊ चिकणमातीवर वाळूचा पातळ, कडक थर पसरलेला असतो तेथे. भार वाढता वाढता तो थर एकाएकी फुटतो आणि एक पाय काही मीटर खाली जातो. माणसांनी भरलेला डेक कलतो, पाय वाकतात. ‘पंच-थ्रू’ नावाने ओळखला जाणारा हा अपघात टाळायचा तर थरांची जाडी आणि ताकद आधीच ठाऊक हवी.

मुंबई हायच्या परिसरात आणखी एक गुंता आहे. तेथील चुनखडीयुक्त वाळूचे कण बहुतांशी सागरी जीवांच्या कवचांचे अवशेष असतात. दाबाखाली ते चुरडतात, त्यामुळे नेहमीच्या वाळूवरून बांधलेली सूत्रे तेथे दगा देतात. शिवाय रिग निघून गेली तरी तिच्या तळव्यांचे खड्डे मागे उरतात. नंतर आलेल्या रिगचा पाय अशा खड्ड्याच्या काठावर पडला तर तो आत घसरतो. कोणती रिग कोठे उभी होती, ही नोंद म्हणूनच केवळ इतिहासाची राहत नाही.

नेदरलँड्समध्ये पवनक्षेत्रांची निविदा निघण्याआधी सरकारच सागरतळाचे सर्वेक्षण करते आणि मातीचे अहवाल सर्वांसाठी खुले ठेवते. स्पर्धकांची अनिश्चितता कमी होते, त्याबरोबर बोलीतली जोखीमही. भारतात तेल-वायूच्या शोधातील माहितीसाठी २०१७ पासून राष्ट्रीय विदा-संग्रह आहे. पण त्या शोधाची नजर हजारो मीटर खोल असते. पवनचक्कीला आणि जॅक-अपला वरचे ५०-१०० मीटर महत्त्वाचे. अर्धशतकातील रिगांच्या जागा, पाय किती रुतले याच्या नोंदी आणि उथळ विंधनांचे निष्कर्ष असा वेगळा, खुला संग्रह पवनप्रकल्पांच्या आधी व्हायला हवा. व्यापारी गुपिताचा आक्षेप येईल. तेलाच्या साठ्याबाबत तो समजण्याजोगा आहे, वरच्या चिखलाबाबत नाही.

संशोधनाची साधने देशात आहेत. आयआयटी मुंबईत मृदा-यांत्रिकीचा मोठा सेंट्रिफ्यूज आहे. शंभरपट लहान प्रतिकृती त्यात शंभरपट गुरुत्वाखाली फिरवली की मातीतील ताण प्रत्यक्ष सागरतळाइतका होतो, आणि पाय खचण्याची प्रक्रिया टेबलाएवढ्या पेटीत अभ्यासता येते. त्या पेटीत भरायची वाळू मात्र खंभातच्या आखातातील आणि मन्नारच्या तळातील हवी, आणि सोबत ती कोठून, किती खोलीवरून काढली याची नोंद हवी.