तिघांत एक सायकल

नल्लकुंट्याला मावशीकडे मी लहानपणापासून जाते, पण नावाचा अर्थ यंदाच लक्षात आला. तेलुगूत नल्ल म्हणजे काळं आणि कुंटा म्हणजे तळं. कन्नडात आपण ‘केरे-कुंटे’ म्हणतो, तेच हे कुंटे! तळं कुठं आहे, असं विचारल्यावर मावशी म्हणाली, “मी लग्न होऊन आले तेव्हापासून शोधतेय, तुला सापडलं तर सांग.”

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, आता पंच्याऐंशीचे आहेत. गुडघे गेले, पण डोकं तल्लख. २१ जूनच्या आदल्या रात्री मला म्हणाले, “उद्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. नातवाची सायकल घे आणि आमच्या शाळेच्या रस्त्यानं जाऊन ये. रिक्षानं नको हं, रिक्षातून काही दिसत नाही.”

काका मूळचे उदगीरचे. शाळेसाठी हैदराबादला आले तेव्हा नल्लकुंट्यात एका खोलीत तिघं राहत. दुसरा भालकीचा कन्नड मुलगा, तिसरा जहिराबादचा तेलुगू. तिघांचा जिल्हा एकच, बीदर. आणि तिघांत सायकलही एकच. एक दांडीवर, एक कॅरिअरवर, एक पायडल मारायला. पोलिसानं धरलं की तो चाकातली हवा सोडायचा, मग तिघं पायी.

पहाटे पावणेसहाला निघाले, सूर्य नुकताच वर आला होता. हैदराबादला या दिवशी १३ तास १० मिनिटं उजेड असतो. जून लागला की पाऊस येतो, त्यामुळे मोठा दिवस म्हणजे मेसारखा भाजणारा नव्हे. हवा ढगाळ होती. तरी हवा भरून देणाऱ्यानं बजावलंच, “दोपेर में नक्को जाओ अम्मा.” हा ‘नक्को’ दखनीनं आपल्या मराठीकडूनच उचललेला!

पहिला मुक्काम फीव्हर हॉस्पिटल. कागदोपत्री नाव सर रोनाल्ड रॉस यांचं. त्यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. पण जुने लोक अजून ‘कोरंटी दवाखाना’च म्हणतात. क्वारंटाइनचं कोरंटी! करोनात हा शब्द आपण नव्यानं शिकलो, नल्लकुंट्याच्या तोंडी तो केव्हाचाच होता.

तिथून काचिगुडा. कन्नड मंडळींनी काढलेलं नृपतुंग विद्यालय इथलं. भालकीच्या मित्राला काका इथं उतरवायचे. पुढे कोटीच्या अलीकडं-पलीकडं गल्ल्या काढत जांबागेत विवेकवर्धिनी, केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांनी उभी केलेली मराठी शाळा. फाटकाशी सायकल टेकवून मी थोडा वेळ नुसती उभी राहिले. काकांनी सांगितलं होतं, “फाटकाला हात लावून ये.” लावला.

मग अफजलगंज. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातली चिंच पाहायची होती. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात दीडशेच्या आसपास माणसं या झाडावर चढून वाचली. पुढच्याच वर्षी निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. मुद्देनहळ्ळीचा हा कन्नड माणूस मुंबई इलाख्यात इंजिनिअर होता, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले होते. उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला, तो त्यांच्याच योजनेतून.

सव्वाबाराला ढग जरा फाटले. काकांच्या भूगोलाच्या मास्तरांचा एक धडा मला करून पाहायचा होता. भर दुपारी सावली उत्तरेला पडते, असं आपण धरून चालतो. पण या दिवशी सूर्य साडेतेवीस अंश उत्तरेला, हैदराबाद साडेसतरा अंशांच्या आतच. म्हणजे सूर्य आपल्याही उत्तरेला. सावली दक्षिणेला! पायाशी जेमतेम वीतभर सावली, आणि ती चारमिनारच्या दिशेनं. आपल्या गावीही हेच होत असणार, कधी पाहिलं नाही.

संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते १९५६ वर आले. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, त्यात बीदर जिल्ह्याचेही तीन. उदगीर मुंबई राज्यात, भालकी म्हैसूरकडे, जहिराबाद आंध्रात. “खोलीत तिघं तसेच होतो रे,” ते नातवाला म्हणाले, “सकाळी उठलो तर तीन राज्यांचे. सायकल कुणाची, यावर मात्र भांडण झालं नाही. भालकीवाला घेऊन गेला.”

जहिराबादचे गृहस्थ मागेच वारले. भालकीचे आहेत, ऐकू कमी येतं.

“शाळेचं फाटक तेच आहे का गं?” त्यांनी विचारलं. बदललंय, म्हटलं. क्षणभर गप्प बसले. मग फोन मागितला. सात वाजत आले होते, बाहेर अजून उजेड होता. पलीकडून कुणी उचललं तसे काका मोठ्यानं ओरडले, “एनप्पा, ऊट आयता?”