फॉर ऑल एजेस!

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात 'वेलनेस वीक' झाला. म्हणजे सोमवारी झूमवर योगासनं, बुधवारी एका बाईंनी पाठीच्या कण्यावरून सगळ्यांना घाबरवलं आणि शुक्रवारी प्रत्येकाच्या डेस्कवर एक हिरवा खोका आला. खोक्यावर पान, पानावर दवबिंदू आणि खाली 'हेल्दी स्नॅकिंग फॉर ऑल एजेस'. फुकट मिळालेल्या वस्तूला नाही म्हणायचं पाप मी आजवर केलेलं नाही. घेऊन आलो घरी.

आमच्या घरात 'ऑल एजेस' अक्षरशः एका टेबलाशी बसतात. मुलगी अडीच वर्षांची. मी आणि बायको चाळिशीच्या उंबऱ्यावर. बाबा ७०, डायबेटिसला १२ वर्षं झाली. आजी ९१, वजन ४१ किलो, दात शून्य. (कवळी आहे, पण ती ग्लासात राहते.) टेस्टिंगला यापेक्षा चांगला डेटा कुठे मिळणार? खोका उघडला. पेरी पेरी मखाणे, मल्टिग्रेन चिप्स, भाजलेले अख्खे बदाम, 'नो अ‍ॅडेड शुगर'वाला खजूर बार, आंब्याचा टेट्रापॅक आणि ओट्सच्या कुकीज.

पाच मिनिटांत निकाल लागला. मुलीने बदाम उचलला आणि आजीने वयाला न शोभणाऱ्या चपळाईने तो तिच्या हातातून काढून घेतला. बरोबरच केलं. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे बदाम, शेंगदाणे, फुटाणे द्यायचे नसतात. दाणा श्वासनलिकेत गेला तर तो दुर्बीण घालून काढावा लागतो, आणि तेही वेळेत दवाखाना गाठला तर. मखाणा आजीने जिभेवर ठेवला, थोडा वेळ विचार केला, आणि "थर्माकोलला तिखट लावलंय मेल्यांनी" असं म्हणून बशीत परत ठेवला.

बाबांनी मात्र काही न बोलता कुकीजचा पुडा स्वतःकडे ओढला. "हे मला चालतात. ओट्सचे आहेत ना."

या 'चालतात' शब्दासाठी ही सगळी पोस्ट आहे.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा शब्द मीच बाबांच्या तोंडात घातला होता. दर महिन्याच्या किराण्यात मी आठवणीने डायजेस्टिव्ह बिस्किटांचे पुडे मागवायचो. साधी ग्लुकोजची बिस्किटं बंद करून 'हेल्दी'वर आणलं म्हणून स्वतःवर खूशसुद्धा होतो. सकाळच्या चहाबरोबर चार, संध्याकाळी चार. बाबांची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ७.१ वरून ८.६ वर गेली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. खाण्याचं विचारलं तर बाबांनी अभिमानाने सांगितलं: साखर बंद, भात एक वाटी, गोड फक्त सणाला. बिस्किटांचं कुणी बोललंच नाही. लपवलं नाही हो! ती आमच्या लेखी खाण्यात नव्हतीच, औषधात होती. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तोंडात जाईल ते सगळं लिहून आणा. तेव्हा ती वहीत उतरली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पुडा उलटा केला.

मागच्या बाजूला घटकांची यादी असते. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, असा नियम आहे. पहिला घटक: मैदा. दुसरा: पाम तेल. तिसरा: साखर. पुढच्या बाजूला ज्याचं सोनेरी कणीस झुलत होतं तो गव्हाचा कोंडा त्यानंतर. १०० ग्रॅममागे ४८५ कॅलरी, २० ग्रॅम फॅट, १४ ग्रॅम साखर. एक बिस्कीट साधारण १० ग्रॅमचं, दिवसाला आठ. करा हिशोब. ३८८ कॅलरी, म्हणजे जवळजवळ चार फुलके. त्यातच तीन-साडेतीन चमचे तेल आणि दोन चमचे साखर. जेवणातली अर्धी पोळी कमी केली म्हणून शाबासकी मिळवणारा माणूस चहाबरोबर हे खात होता. आणून कोण देत होतं? अस्मादिक!

'डायजेस्टिव्ह' नावाचीही गंमत आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये बिस्किटात खायचा सोडा घालत, आणि सोड्याने पचन सुधारतं अशी समजूत होती. त्या समजुतीवरून पडलेलं नाव आजही दुकानात उभं आहे. आमच्याकडे असा जुना कोड असतो. कुणी लिहिला, कशासाठी लिहिला ते माहीत नाही, पण काढायची हिंमत कुणाची नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे खरं तर सांगायला लागू नये. पुड्याची पुढची बाजू म्हणजे सेल्स टीमचा डेमो, मागची बाजू म्हणजे प्रॉडक्शन. व्हेंडरचा डेमो बघून आपण कधी सही करतो का? दहा प्रश्न विचारतो, लॉग मागतो. आणि तेच आपण सुपरमार्केटात हिरवा रंग आणि कणीस बघून आईवडिलांचं जेवण ठरवतो.

"सरकार काय करतं?" करतं, आपल्या चालीने. लहान मुलांना दुधात घालून द्यायच्या पावडरी आपण दोन-तीन पिढ्या 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकत घेतल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की हे 'हेल्थ ड्रिंक'च्या कप्प्यातून काढा, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण व्याख्या नसलेल्या गोष्टीला पैसे मोजत होतो. चिलीसारख्या देशाने २०१६ मध्ये पुढच्याच बाजूला काळे अष्टकोन छापायला लावले: साखर जास्त, मीठ जास्त. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा आला तो ताऱ्यांचा. हॉटेलला देतात तसे! त्यात साखरेने गेलेले गुण फायबर आणि प्रोटीनने भरून काढता येतात. गणितात नापास, पण चित्रकलेत बरा, म्हणून वर ढकला.

आता कुणीतरी म्हणणारच, "म्हणून तर आजीच्या वेळचं खा." थांबा. माझी आजी समोरच बसलीय. तिच्या वेळचे शंकरपाळे म्हणजे मैदा, साखर आणि तूप, वरून तळलेले. चकली तळलेली, चिवडा तेलातला. फरक एवढाच, की ते डब्यात दिवाळीपुरते असायचे, आता बारमाही मिळतात. आणि ते गुळाचं खूळ! गुळाचा चहा, गुळाच्या कुकीज, 'रिफाइंड शुगर फ्री'. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, कॅलरीही जवळजवळ तेवढ्याच. खजुराचंही तेच. त्या बारमध्ये वरून साखर घालायची गरजच नव्हती, कारण खजुरात मुळातच निम्म्याहून जास्त वजन साखरेचं असतं. 'नो अ‍ॅडेड' हे शब्द खरे आहेत. वकिलाने तपासलेले असतात ते.

माझं भांडण खरं तर 'हेल्दी'पेक्षा 'ऑल एजेस'शी जास्त आहे. सगळ्यांना चालेल असा खाऊ असूच शकत नाही. आजीचंच घ्या. लो फॅट, लो कॅलरी, डाएट अमुकतमुक हे तिच्यासाठी सरळ वाईट आहे. तिला वजन टिकवायचंय, अंगावर मांस टिकवायचंय. तिला दुधात कालवलेलं सातूचं पीठ, सायीचं दही, वर तूप सोडलेला मऊ उपमा लागतो. तोच उपमा त्याच तुपासकट बाबांना रोज दिला तर मला परत डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसावं लागेल. बाबांना पाच वाजता मूठभर फुटाणे, सोबत काकडी नाहीतर ताक. मुलीला तेच फुटाणे मिक्सरमधून काढून, ताकात किंवा केळ्यात कालवून. आंब्याचा टेट्रापॅक तर तिला नकोच. मागे वाचलं, २० ग्रॅमच्या आसपास साखर. तिला दिवसाला हजारेक कॅलरी लागतात, साखरेची कमाल मर्यादा त्याच्या दहा टक्के, म्हणजे २५ ग्रॅम. एका स्ट्रॉने कोटा जवळजवळ संपला!

फुटाणे मी भडभुंज्याकडून आणतो. पाव किलो ५० रुपयांना. खोक्यातला ७५ ग्रॅम मखाण्यांचा पुडा १५० चा. फुटाण्यात १०० ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रोटीन असतं, पण पुडीवर दवबिंदू नाहीत. जुन्या पेपरची पुडी, तीही चुरगळलेली. (छापील कागदात बांधलेलं खाऊ नये हेही खरंच, म्हणून आता डबा घेऊन जातो. भडभुंजा हसतो.)

वेळ नाही म्हणू नका. मुठीत फुटाणे घ्यायला किती वेळ लागतो? आपल्याला वेळ नसतो तो पुडा उलटा करायला. मलाच तीन वर्षं नव्हता. बाबांची शुगर आता ७.४ वर आलीय. वाढवलेली गोळी मात्र चालूच आहे, आणि डॉक्टर म्हणतात राहू दे.

तर त्या शुक्रवारी बाबांच्या हातातून कुकीजचा पुडा घेतला, उलटा केला आणि मोठ्याने वाचला. ओट्स होते, नाही असं नाही. चौथ्या नंबरवर. बाबा म्हणाले, "अरे, मग ऑफिसवाल्यांनी दिलं कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. सोमवारी एचआरचा फीडबॅक फॉर्म आला. पाचपैकी किती तारे? एक दिला. खाली कारण लिहिलं, घटकांसकट. पाच मिनिटांत उत्तर आलं: 'थँक यू फॉर युवर व्हॅल्युएबल फीडबॅक!', आणि सोबत पुढच्या खोक्यावर १० टक्के सवलतीचं कूपन.