गावकुत्री आणि गावकरी

म्हसळ्याच्या एस.टी. स्थानकावर पहाटेची पहिली गाडी लागते, त्या वेळी प्रवाशांच्या आधी आलेली चार-दोन कुत्री तेथे अंगाचे मुटकुळे करून निजलेली असतात. दिवस वर आला, की त्यांतील एखादे मासळी बाजाराकडे वळते, एखादे खानावळीच्या मागील दाराशी जाऊन बसते, तर एखादे शाळेच्या वाटेवर मुलांच्या मागून शेपूट हालवीत चालू लागते. ही कुत्री कोणाची, असे विचारले तर प्रत्येक जण म्हणतो, "आमची नव्हेत." आणि तरीही ती गावाचीच असतात. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. तिची शिक्षा कधी कुत्र्यांना, तर कधी माणसांना, विशेषतः तुमच्यासारख्या मुलांना भोगावी लागते.

या कुत्र्यांविषयी गावोगाव दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, "ही पीडा मारून टाका." दुसरा म्हणतो, "मुका जीव आहे. घास घाला, म्हणजे झाले." मुलांनो, माझे मत असे, की पहिला मार्ग क्रूर आहे आणि व्यर्थही आहे, दुसरा दयाळू आहे, परंतु अपुरा आहे. हे मत मी केवळ पुस्तके वाचून बनविलेले नाही. त्यामागे एक दुःखद आठवण आहे.

मी नोकरीत नवा होतो, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या वर्गातील सहावीचा एक मुलगा वाटेवरच्या पिल्लाशी खेळताना त्याचा दात बोटाला लागला. जखम एवढीशी होती. घरी सांगितले तर मार बसेल आणि शाळेत सांगितले तर गुरुजी रागावतील, म्हणून त्याने बोटाला चिंधी बांधली व कोणालाही काही सांगितले नाही. सुमारे दीड महिन्याने त्याला ताप आला. पाण्याचा पेला पुढे केला, की त्याच्या घशाला आचके येऊ लागले. रोग ओळखला गेला, तेव्हा उपायाची वेळ टळून गेली होती. तो मुलगा गेला. माझ्या छडीची भीती त्याला वाटली नसती, तर कदाचित त्याने मला सांगितले असते, हा विचार आजही माझी पाठ सोडीत नाही.

पुढे काय झाले, तेही ऐका. संतापलेली माणसे काठ्या घेऊन निघाली. दोन दिवसांत दिसतील तेवढी कुत्री मारली गेली. आमच्या शाळेच्या ओसरीवर निजणारी पांढऱ्या पायांची एक गरीब कुत्रीही त्यांत मेली. त्या मुलाच्या मरणाचा सूड जणू पुरा झाला! परंतु दुसरा पावसाळा सरतो न सरतो तोच गावात पुन्हा तितकीच कुत्री हिंडू लागली. उकिरडे तसेच होते, अन्न तसेच पडत होते. मोकळी झालेली जागा आसपासच्या कुत्र्यांनी भरून काढली. शिवाय ती नवी कुत्री कोणाच्याच ओळखीची नव्हती.

एका खेड्याला आलेला हा अनुभव मुंबईसारख्या महानगराला फार पूर्वीपासून येत होता. १८३२ साली तेथील इंग्रज सरकारने उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवले. इनामाच्या लोभाने शिपाई पाळलेली कुत्रीही धरू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र मानतात. त्यामुळे ६ जून रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, कोट भागात दंगल उसळली. दुकाने बंद झाली आणि सरकारला लष्कर बोलवावे लागले. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ स्थापन झाली. संताप दंगलीत विरून न जाता त्यातून जनावरांना आसरा देणारी संस्था उभी राहिली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तथापि कुत्री मारण्याची पद्धत तेवढ्याने थांबली नाही. मुंबईत ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिली आणि तरीही कुत्री संपली नाहीत. अखेर १९९४ च्या सुमारास मारणे सोडून निर्बीजीकरणाचा, म्हणजे शस्त्रक्रिया करून कुत्र्यांना पिल्ले होणे थांबविण्याचा, मार्ग त्या नगराने धरला.

हा मार्ग शहाणपणाचा का, ते पाहू. कुत्रीला सुमारे दोन महिन्यांत पिल्ले होतात, बहुधा वर्षातून दोनदा, आणि एका वेळी चार-सहा. ही वाढ काठीने कशी थांबणार? निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याला मात्र पिल्ले होत नाहीत आणि ते आपली जागाही सोडीत नाही. नव्या कुत्र्यांना ते तेथे सहसा शिरू देत नाही. शस्त्रक्रियेबरोबरच त्याला रेबीजची लस टोचतात आणि ओळख म्हणून कानाचा लहानसा तुकडा कापतात. असा कान दिसला, की समजावे, या जीवाची कोणीतरी काळजी घेतली आहे. पशूंवरील क्रूरता रोखणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. त्याखाली २००१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये केलेल्या नियमांनी हे काम महानगरपालिकांपासून ग्रामपंचायतींपर्यंत सर्व स्थानिक संस्थांवर सोपविले आहे.

यावर कोणी म्हणेल, "कुत्र्यांवर एवढा खर्च कशाला? माणसांचे आधी पाहा." हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जगात रेबीजने दर वर्षी सुमारे ५९,००० माणसे मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांत दहांपैकी चार पंधरा वर्षांखालील मुले असतात. माणसाला होणारा हा रोग बहुतेक सर्व वेळा कुत्र्याकडूनच येतो. परंतु म्हणूनच कुत्र्याला लस टोचणे हे माणसाचे रक्षण आहे. शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते. आपल्या शेजारच्या गोव्यात 'मिशन रेबीज' या संस्थेने सरकारच्या साहाय्याने दर वर्षी हजारो कुत्र्यांना लस दिली, शाळाशाळांतून मुलांना या रोगाची माहिती सांगितली, आणि २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसराविषयीचा आपला आधीचा आदेश बदलून सांगितले, की निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत. पिसाळलेली वा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत. आणि त्यांना खाणे ठरावीक जागीच घालावे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये आणि प्रवासी स्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत, असाही आदेश त्याने दिला. त्यामागील मुलांची काळजी मला पटते. पण निवारा म्हणजे कोंडवाडा नव्हे. जेथे पुरेसे अन्न, पाणी, सावली आणि पशुवैद्य नाही, तेथे कुत्री कोंडणे म्हणजे काठीऐवजी उपासाने मारणे होय.

आता दुसऱ्या तटाविषयी. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. परंतु उरलेले अन्न रस्त्यावर भिरकावणे ही नामदेवांची दया नव्हे. त्याने उकिरडे वाढतात आणि येणारा-जाणारा घाबरतो. ज्याला घास घालावा, त्याला लस मिळाली की नाही, हेही पाहावे. जबाबदारी ज्या दयेमागे येत नाही, ती दया अर्धवटच म्हटली पाहिजे.

मुलांनो, यात तुमच्याही वाट्याचे काम आहे. खाणाऱ्या, निजलेल्या वा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्याला छेडू नका. कुत्रे अंगावर आले तर धावू नका. स्वस्थ उभे राहा आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. घरचा कचरा घंटागाडीतच टाका. आणि कुत्रा चावला, त्याचा दात वा नख लागले, किंवा जखमेला त्याची लाळ लागली, तर साबण व वाहते पाणी यांनी ती जागा पंधरा मिनिटे धुवा. तिच्यावर तिखट, चुना वा हळद लावू नका. लगेच मोठ्यांना सांगा आणि सरकारी दवाखान्यात जा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस गेले. आता लस दंडात टोचतात, पण ठरलेल्या तारखा एकही न चुकविता ती पुरी करावी लागते. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र वैद्यकाचे हात जवळजवळ रिकामे असतात.

महाभारताच्या आरंभी सरमेचा पुत्र, एक निरपराध कुत्रे, यज्ञमंडपात जनमेजयाच्या भावांकडून मार खाते. त्याच ग्रंथाच्या अखेरीस धर्मराज सोबतच्या कुत्र्यासाठी स्वर्गाचा रथ नाकारतो. एवढ्या थोर त्यागाची अपेक्षा आपल्याकडून कोणी करीत नाही. "ही कुत्री आमची नव्हेत" हे म्हणणे तेवढे आपण सोडावे. मग त्यांना लस कोणी द्यावी, हा प्रश्न गावाच्या सभेत विचारता येईल. आणि माझ्या व्यवसायबंधूंना माझे एक मागणे आहे: चिंधी बांधलेले बोट घेऊन एखादे मूल आपल्यापुढे येईल, तेव्हा त्याला सांगण्याची भीती वाटू नये, असे आपण वागावे.