खोली एकट्याची मिळेल का?

परदेशी विद्यापीठांच्या मेळाव्यात पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. रँकिंग किती, फी किती, शिष्यवृत्ती आहे का, शिकून झाल्यावर नोकरीसाठी किती दिवस राहता येतं. गर्दी ओसरली की एखादी आई मागे रेंगाळते आणि आवाज खाली आणून विचारते, ‘सर, मुलाला ऑटिझम आहे. माइल्ड आहे. अभ्यासात काही अडत नाही. फॉर्मवर लिहायचं का?’ हा प्रश्न आता इतक्या जणांकडून येतो की उत्तर एकदाचं छापून टाकलेलं बरं.

लिहायचं. पण फॉर्मच्या आधी विद्यापीठांची यादी येते, आणि बहुतेक घरांत यादीच चुकीच्या पायावर उभी असते.

आपली यादी बनते ती क्यूएसच्या क्रमवारीतून, मावसभावाच्या अनुभवातून आणि एजंटच्या आग्रहातून. क्यूएसमध्ये ४५ टक्के गुण नावलौकिकाच्या सर्वेक्षणांना असतात: प्राध्यापकांना काय वाटतं आणि कंपन्यांना काय वाटतं. मावसभाऊ ऑटिस्टिक नाही. एजंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्यामुळे ‘उगाच कशाला सांगता, व्हिसाला अडचण येईल’ हा त्याचा सल्ला कुणाच्या सोयीचा आहे, हे ज्याने त्याने ओळखावं. स्वमग्न मुलाचे तिकडचे दिवस कसे जातील, हे या तिघांपैकी कुणीच सांगत नाही.

ते ठरतं शिकवण्याच्या पद्धतीवर. नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्ट घ्या. तिथे दहा-पंधरा जणांच्या गटात बसून समस्येवर चर्चा करत शिकायचं असतं, कधी गटाचं नेतृत्वही करायचं असतं. ज्याला कुणी कधी बोलायचं हा अलिखित हिशेब सांभाळतानाच दमायला होतं, त्याच्यासाठी हे रोजचं ओझं. ऑक्सफर्डच्या ट्युटोरियलमध्ये एक शिक्षक आणि समोर दोन-तीन विद्यार्थी. आपल्या आवडीच्या विषयावर तासभर खोलात बोलायला मिळणं ही काही ऑटिस्टिक मुलांसाठी पर्वणीच, पण सत्र आठ आठवड्यांचं आणि एक आठवडा आजारी पडलात तर गाडी सुटली. अमेरिकेत अनेक विषयांत वर्गातल्या सहभागाला गुण असतात, म्हणजे गप्प बसणाऱ्याचे गुण कापले जातात. कॅनडातल्या वॉटरलूचं को-ऑप आपल्याकडे फार प्रिय. चार महिने शिक्षण, चार महिने नोकरी, पुन्हा शिक्षण. प्रत्येक फेरीला नव्या मुलाखती आणि बऱ्याचदा नवं शहर, नवी खोली. बदल ज्याला जड जातो त्याला दर चार महिन्यांनी मुळापासून उपटून पुन्हा लावल्यासारखं होईल. आणि हाच कार्यक्रम दुसऱ्या एखाद्या ऑटिस्टिक मुलीला पदवीआधीच दोन वर्षांच्या नोकरीची सवय लावणारा ठरू शकतो. म्हणूनच ‘ऑटिझमसाठी चांगला देश कोणता’ या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.

मग खोली. अमेरिकेत पहिल्या वर्षी वसतिगृहात राहण्याची सक्ती अनेक ठिकाणी असते आणि खोली बहुधा दोघांची. अपंगत्वाच्या कारणाने एकट्याची मागता येते, पण तिची मुदत वेगळी असते आणि ती प्रवेशाच्या धामधुमीत निघून जाते. ब्रिटनमध्ये खोली सहसा एकट्याचीच असते, स्वयंपाकघर मात्र पाच-सात जणांत एक. हेही फायद्याचं होऊ शकतं. ज्या मुलाच्या जिभेला ठरलेलाच वरणभात चालतो, त्याला अमेरिकेतला सक्तीचा मेस प्लॅन आणि तीनशे माणसांचा गोंगाट यापेक्षा स्वतःचा कुकर बरा. ब्रिटिश वसतिगृहात फायर अलार्मची चाचणी दर आठवड्याला होते. कोणत्या दिवशी, किती वाजता, हे आधी विचारून ठेवावं. जर्मनीत शिक्षण जवळपास फुकट म्हणून सगळे धावतात, पण विद्यार्थी वसतिगृहांना लांब प्रतीक्षायाद्या असतात आणि सामायिक फ्लॅटमध्ये जागा हवी तर तिथले रहिवासी तुमची मुलाखत घेतात. गप्पा मारून तुम्ही ‘जमणारे’ आहात का ते बघतात. तिथल्या प्रवेशपरीक्षेपेक्षा ही परीक्षा आमच्या मुलांना अवघड जाते, आणि तिला वाढीव वेळही नाही.

आता कायदा. वरवर पाहिलं तर सगळं छान आहे. अमेरिकेत १९७३च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम ५०४ आणि १९९०चा अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये २०१०चा इक्वॅलिटी ॲक्ट. परदेशी विद्यार्थ्यालाही त्यांचं संरक्षण आहे. परीक्षेला वाढीव वेळ, शांत खोली, व्याख्यानाचं रेकॉर्डिंग अशा सोयींचे पैसे विद्यार्थ्याकडून घेता येत नाहीत. आपल्याकडे शाळा सवलतींचे अर्ज भरून घेते, बोर्डाकडे पाठपुरावा करते, शॅडो टीचर असली तर ती दप्तरापासून सगळं बघते. तिथे मागितलं तरच मिळतं, आणि मागायचं मुलाने, आईने नाही. अमेरिकेत कॉलेजात गेलेल्या मुलाच्या शैक्षणिक नोंदींवर हक्क त्याचा असतो. फी तुम्ही भरत असलात तरी त्याच्या संमतीवाचून गुण कळवायला कॉलेज बांधील नाही.

पैशांचा फरक मात्र आहे, आणि तो माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो. ब्रिटनमध्ये अपंग विद्यार्थ्यांसाठी सरकारी भत्ता मिळतो, वर्षाला २५ हजार पौंडांहून अधिक मर्यादेपर्यंत. त्यातून स्पेशालिस्ट मेंटरचा खर्च निघतो. परदेशी विद्यार्थ्याला तो नाही. त्याच्यासाठी तोच खर्च विद्यापीठाने आपल्या खिशातून करायचा असतो. काही विद्यापीठं तो मुकाट करतात, काही तासांवर मर्यादा घालतात. दोन्ही प्रकारच्या वेबसाइटवर हसरे चेहरे सारखेच.

खरी मेख याहून खोल आहे. अपंगत्वाचा कायदा एका खात्याचा आणि व्हिसाचा दुसऱ्याचा. ऑटिस्टिक विद्यार्थ्याला सगळ्यात उपयोगी पडणारी सोय म्हणजे कमी विषय घेऊन सावकाश शिकणं. स्थानिक मुलाला ती सहज मिळते. व्हिसावरच्या मुलाची अटच पूर्णवेळ शिक्षणाची असते. अमेरिकेत एफ-वन व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. वैद्यकीय कारणाने कमी घेता येतात, पण एका पदवीच्या पातळीवर एकूण १२ महिन्यांपुरतेच, डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाच्या पत्रावर, आणि आंतरराष्ट्रीय विभागातल्या अधिकाऱ्याची मंजुरी आधी घेऊन. आधी विषय सोडला आणि मग परवानगी मागितली तर व्हिसाचा दर्जा गेलेला असतो. सल्लागार प्रेमाने म्हणतो, ‘जड जातंय ना, एक विषय सोड’. तो सल्ला स्थानिकांसाठी बरोबर असतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर पदवीचा अर्धवेळ मार्गच नाही, आणि शिक्षण मध्येच थांबवलं तर विद्यापीठाला गृहखात्याला कळवावं लागतं. नेदरलँड्समध्ये वर्षाचे निम्मे क्रेडिट मिळाले नाहीत तर निवास परवान्याचा प्रश्न येतो. अपंगत्वाचं कारण मान्य होतं, पण ते वेळेत सांगितलेलं असावं लागतं. ऑस्ट्रेलियाने तर १९९२च्या भेदभावविरोधी कायद्यातून स्थलांतराचा कायदा वगळून ठेवला आहे. वर्गात तुमच्याशी भेदभाव केला तर कायदा तुमच्या बाजूने, आणि व्हिसाच्या आरोग्यतपासणीत तोच कायदा बाजूला. ज्यांची नजर पुढच्या कायम वास्तव्यावर आहे त्यांनी हे कलम अर्ज करण्याआधी वाचावं.

म्हणून मी पालकांना एक ईमेल लिहायला लावतो. खरं तर मुलाला, कारण पुढची सगळी ईमेल त्यालाच लिहायची आहेत. ऑफर हातात आल्यावर आणि डिपॉझिट भरण्याआधी, अपंगत्व विभाग आणि आंतरराष्ट्रीय विभाग दोघांना एकत्र. ‘मी ऑटिस्टिक आहे, विद्यार्थी व्हिसावर येणार आहे, एखाद्या सत्रात भार कमी करायची वेळ आली तर तुमच्याकडे काय होतं?’ जिथे दोन्ही विभाग एकमेकांशी बोलून लेखी उत्तर देतात ते विद्यापीठ क्रमवारीत शंभर पायऱ्या खाली असलं तरी मी वर धरतो. जिथून ‘प्रवेशानंतर बघू’ एवढंच येतं ते यादीतून खोडावं, भले त्याच्या नावाने नातेवाइकांचे डोळे दिपोत.

खास कार्यक्रमांविषयी थोडं. अमेरिकेत मार्शल विद्यापीठाचा ऑटिस्टिक विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम २००२पासून चालतो. रॉचेस्टरच्या आरआयटीत, जिथे आपली मुलं भरपूर आहेत, स्पेक्ट्रम सपोर्ट प्रोग्राम आहे. आयर्लंडच्या डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीला २०१८मध्ये ‘ऑटिझमस्नेही’ हे बिरुद मिळालं आणि त्यांनी शांत जागाही तयार केल्या. कामं चांगलीच आहेत. पण अमेरिकेतल्या अशा अनेक कार्यक्रमांना वेगळी फी असते, काही ठिकाणी सत्राला हजारो डॉलर, आणि डब्लिनमध्ये राहायला घर मिळवण्याची मारामार विद्यापीठाच्या आवाराबाहेर सुरू होते. बिरुदावर जाऊ नये.

कागद इथूनच तयार करून न्यायचे. आपला अपंगत्वाचा यूडीआयडी दाखला टक्के सांगतो. स्वमग्नतेचं मोजमाप ‘इसा’ नावाच्या ४० प्रश्नांच्या भारतीय चाचणीवर होतं आणि ४० टक्क्यांची रेषा गाठली की २०१६च्या अपंग हक्क कायद्याचे लाभ मिळतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी केंद्राची वर्षाला २० जणांना मिळणारी परदेशी शिष्यवृत्तीही त्यावरच, तेव्हा दाखला हवाच. परदेशी विद्यापीठाला मात्र टक्क्यांत रस नसतो. गोंगाटात काय होतं, तोंडी सूचना लक्षात राहते का, लिहायला किती वेळ लागतो, त्यासाठी कोणती सोय उपयोगी पडली, असा मानसशास्त्रज्ञाचा ताजा इंग्रजी अहवाल त्यांना हवा असतो. पाचव्या वर्षी झालेल्या निदानाची पिवळी पडलेली फाइल कुणी उघडत नाही. इंग्रजीच्या परीक्षेतही निवड आहे. आयईएलटीएसमध्ये अनोळखी परीक्षकासमोर ११ ते १४ मिनिटं बोलायचं असतं, टोफेलमध्ये मायक्रोफोनसमोर. दोन्हीकडे सोयी मिळतात, मागणी आधी करावी लागते.

‘मीच जाऊन राहते त्याच्याजवळ,’ असं काही आया म्हणतात. भावना समजते, पण विद्यार्थी व्हिसाच्या अवलंबितांत आईवडील बसत नाहीत. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा एका भेटीला सहसा सहा महिन्यांचा. त्यावर तीन वर्षांच्या डब्याची योजना आखता येत नाही. आई परत आल्यावर मुलाला एकट्याने काय करता येतं हे बघायचं असेल तर ती तालीम पुण्यात किंवा नागपुरात भाड्याच्या खोलीत, वर्षभर आधी करावी.

शेवटी एक मत, जे अनेकांना पटत नाही. पदवी इथे आणि मास्टर्स तिकडे हा क्रम आमच्या मुलांसाठी बहुधा बरा, पण मग ब्रिटनचं एक वर्षाचं मास्टर्स घेताना दहादा विचार करावा. सप्टेंबरात पोहोचायचं, ऑक्टोबरात अपंगत्व विभागाची वेळ मिळायची, नोव्हेंबरात सोयी मंजूर व्हायच्या, डिसेंबरात पहिलं सत्र संपलेलं. बारा महिन्यांपैकी चार गेले. तेच घ्यायचं असेल तर अहवाल जूनमध्ये पाठवावा आणि जुलैत ऑनलाइन बैठक मागावी. सप्टेंबरात त्या विभागाच्या दारात सगळं विद्यापीठ उभं असतं.