दगडावरचं शेवाळ आणि आपली घाई

मंडळी, ज्याने ज्याने घरात नवी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी लावली, त्याचा साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मला फोन येतो. "अरे, दगड सगळे तपकिरी पडलेत, काय टाकू?" माझं उत्तर ठरलेलं असतं: काहीही टाकू नकोस.

आता हे जरा विस्ताराने. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर, वाळूत वस्तीला यायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर दगड म्हणजे मोकळा प्लॉट, आणि मोकळ्या प्लॉटवर आधी गवतच उगवणार! पहिले येतात डायटम, तपकिरी धुळीसारखे. त्यांना कवचासाठी सिलिकेट लागतं, ते बऱ्याचदा नळाच्या पाण्यातून मिळतं. सिलिकेट संपलं की तेही ओसरतात. मग केसांसारखं हिरवं शेवाळ येतं, नायट्रेट-फॉस्फेटवर पोसलेलं. कधी लालसर-जांभळा बुळबुळीत थर दिसतो, ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असतात.

आमच्या धंद्यात लॉग फाइल डिलीट केली म्हणून बग जात नाही. बाटलीतल्या औषधाचं तसंच आहे. शेवाळ मेलं तरी त्याच्यातलं नायट्रेट-फॉस्फेट पाण्यातच राहतं, वर ते सडताना ऑक्सिजन खातं. रात्रीतून मासे दगावतात ते असे. सायनोबॅक्टेरियावर काहीजण सर्रास एरिथ्रोमायसिन टाकतात. अहो, ते अँटिबायोटिक आहे, कामाच्या जिवाणूंनाही त्याचा फटका बसू शकतो.

त्यापेक्षा कंटाळवाणी कामं करा. शेवाळ हाताने उपटा. खाणं कमी घाला. दिवे 8 तासांच्या वर नकोत. आरओ-डीआयचं पाणी वापरून दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदला. दोन-चार टर्बो गोगलगायी सोडा. मात्र नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर नेऊ नका, तशा टाकीत डायनोफ्लॅजेलेट माजतात आणि ते शेवाळापेक्षा चिवट.

"थांबा" म्हणजे डोळे मिटून बसा असं मात्र नाही. दगडावर इवलंसं, पारदर्शक फुलासारखं एप्टेशिया दिसलं तर त्याच दिवशी कामाला लागा. चिमट्याने ओढायचं नाही, मागे राहिलेल्या तुकड्यातून नवीन उगवतात. शुद्ध चुन्याची, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजने त्याच्या तोंडावर सोडा. एका वेळी दोन-तीनच, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो. पेपरमिंट कोळंबीही ते खाते, पण तिच्या मर्जीने :-)

आता मला खरं बोलायचंय ते. महिनाभर हे सगळं बघून वैतागलेला माणूस म्हणतो, "हे दगड फेकतो, कोणाकडून तरी समुद्रातला अस्सल लाइव्ह रॉक मिळवतो." हा लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आहे, आणि 2001 पासून खडक बांधणारं प्रवाळ त्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे. म्हणजे वाघाच्या पंगतीत! लक्षद्वीप असो, मन्नारचं आखात असो की आपलं मालवण, तिथला तुकडा उचलून आणणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, प्रवाळाचे कित्येक प्रकार वर्षाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच वाढतात. आपल्या हॉलची शोभा तीन महिने लवकर यावी म्हणून ते तोडायचं?

मला विचाराल तर कोरडा, कृत्रिम दगड घ्या आणि तो तपकिरी, मग हिरवा होऊ द्या. काही महिने टाकी कुरूप दिसेल, पाहुणे नाकं मुरडतील. मुरडू देत. एवढं थांबणं ज्याला जमणार नसेल, त्याने गोड्या पाण्यातले गप्पी पाळावेत. तेही फार छान दिसतात.