पीएच.डी.चा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने विज्ञानाच्या संशोधकांना चार गोष्टी सांगाव्यात हा आगाऊपणा आहे, याची मला जाणीव आहे. आपल्याकडे दहावीच्या टक्क्यांवरून शाखा ठरते आणि शाखेवरून माणसाची हुशारी. तरीही लिहिते आहे. कारण माझा दादा रसायनशास्त्रातला पीएच.डी. आहे आणि त्याच्या शिक्षणाचा जमाखर्च आमच्या घराने जवळून पाहिला आहे.

गेल्या गणपतीत दादा बेळगावला आला होता. आरतीला जमलेल्यांपैकी एका आजोबांनी विचारले, “अजून शिकालायस की काय रे?” सगळे हसले, दादाही हसला. रात्री मी बाबांच्या दुकानाची खतावणी लिहीत बसले होते. तो जवळ येऊन बसला आणि म्हणाला, “तुमच्या कॉमर्समध्ये माझ्यासारख्याला कुठल्या खात्यात घालतात ग? येणे की बुडीत?” मला तेव्हा उत्तर सुचले नाही.

आता आकडे पाहू. नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळवणाऱ्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे सीनिअर फेलो म्हणून ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षांचे बरोबर २४ लाख होतात. रक्कम लहान नाही. पण फेलोशिपची कमाल मुदत पाच वर्षे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची मुदत सहा वर्षे, तीही वाढू शकते. मधल्या काळात पोट कशावर भरायचे? दादाच्या बाबतीत हा मधला काळ अकरा महिन्यांचा होता. फेलोशिप संपली होती आणि प्रबंध अजून मार्गदर्शकांच्या टेबलावर होता. ते अकरा महिने बाबांच्या दुकानाने काढले. त्या साली दुकानाला नवे कपाट आले नाही, एवढेच मला आठवते.

पुढे पोस्टडॉक. हे दोन-दोन वर्षांच्या कराराचे काम. प्रकल्प संपला की गाशा गुंडाळायचा आणि दुसरे गाव शोधायचे. दादाचे हे दुसरे गाव. “त्यानंतर काय?” असे विचारले की तो म्हणतो, “प्राध्यापकाची जागा निघेल.” मी हिशेब मांडला. समजा, एक प्राध्यापक नोकरीच्या तीस वर्षांत दहा जणांना पीएच.डी. करवतो. तो निवृत्त होतो तेव्हा खुर्ची एकच रिकामी होते, तीही भरली गेली तर. उरलेल्या नऊ जणांनी कुठे जायचे, हा प्रश्न सहा वर्षांत दादाला कुणी विचारला नव्हता. त्यानेही स्वतःला विचारला नव्हता.

खुर्ची मिळवण्याचे नियमही स्थिर नसतात. विद्यापीठात सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची होणार म्हणून अनेकांनी संशोधनाची वाट धरली. १ जुलै २०२३ पासून मात्र नेट किंवा सेट हीच किमान अट ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. त्यात आपण सीमेवरची माणसे. २००२ च्या जूननंतरची सेट त्या त्या राज्यापुरतीच चालते. म्हणजे के-सेट झालेल्याला शिनोळीची वेस ओलांडली की ती उपयोगाची नाही, आणि पुण्याची सेट झालेल्याला बेळगावात नाही. मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या मुलाने ही गोष्ट अर्ज भरण्याआधी समजून घ्यायला नको का?

त्या रात्री खतावणीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आम्ही दादाचा ताळेबंद मांडला. देणी त्याला तोंडपाठ होती : वय, बाबांचे पैसे, लांबलेले लग्न. मालमत्तेच्या बाजूला त्याने फक्त ‘चार शोधनिबंध’ लिहिले आणि पेन ठेवले. मी एकेक विचारत गेले. महागडी यंत्रे कोण चालवते? नव्या मुलांना कोण शिकवते? रसायनांची मागणी, प्रकल्पाच्या पैशांचा हिशेब, वार्षिक अहवाल कोण लिहिते? सगळ्याला उत्तर एकच, “मीच.” मग हे जमेला का नाही? औषध कंपन्यांची प्रयोगशाळा, गुणवत्ता तपासणी, विज्ञानलेखन, सगळीकडे याच गोष्टींना किंमत आहे. पेटंट एजंटच्या परीक्षेला तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाचीच पदवी लागते. माझ्या बी.कॉम.ला तिथे प्रवेश नाही, दादाला आहे! हे त्याला बत्तिसाव्या वर्षी कळले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

आमच्या एका सरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “ज्ञानाचा असा बाजार मांडू नये.” सरांविषयी आदर ठेवून मला म्हणावेसे वाटते की हिशेब ठेवणे म्हणजे बाजार मांडणे नव्हे. प्रयोगात रसायन मिलिग्रॅममध्ये मोजणाऱ्याने स्वतःच्या आयुष्याची दहा वर्षे अंदाजाने का ओतावीत? ज्याला मूलभूत संशोधनच करायचे आहे त्याने जरूर करावे; पण ती वाट त्याने निवडलेली असावी, दुसरी माहीत नव्हती म्हणून चाललेली नसावी.

म्हणून विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. पीएच.डी.ला नाव घालण्याआधी फेलोशिप कधी संपते ती तारीख वहीत लिहा. दुसऱ्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी आपला ताळेबंद मांडा आणि प्रयोगशाळेबाहेर गेलेल्या एखाद्या तरी माजी विद्यार्थ्याशी बोला. आणि प्राध्यापकांनी, बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला ‘वाया गेला’ म्हणू नये. आपल्या कॉलेजात वाणिज्य शाखेसाठी नोकरी-मार्गदर्शनाची शिबिरे होतात. त्यातली एक दुपार एम.एस्सी.ला जाऊ पाहणाऱ्यांना द्यायला काय हरकत आहे?

कन्नडमध्ये एक म्हण आहे : ‘मुंदे गुरी इरबेकु, हिंदे गुरू इरबेकु.’ पुढे ध्येय हवे आणि मागे गुरू हवा. दादाच्या मागे गुरू होते. पुढचे कुणी दाखवले नाही.

दादा सध्या रात्री पेटंट एजंटच्या परीक्षेचा अभ्यास करतो आणि दिवसा प्रयोग करतो. काय होईल ते आताच सांगता येणार नाही. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर आता माझ्याकडे आहे. दादा, तू बुडीत खात्यात नाहीस. तुझी नोंदच आजवर कुणी नीट केली नव्हती.