अकराचा पाढा

पाढ्यांमध्ये सर्वांत सोपा पाढा अकराचा. अकरा, बावीस, तेहतीस. एकच आकडा दोनदा लिहीत जायचे. पोर तो धडाधड म्हणते, पाहुणे कौतुकाने माना डोलावतात, आणि पोराला गणित येते की नाही हे कोणीच पाहत नाही. आपल्या राजकारणातही असाच एक अकराचा पाढा सध्या मोठ्या भक्तिभावाने म्हटला जातो. ‘अकरा वेळा आमदार!’ एवढे उच्चारले की टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ पुढे येते आणि पुढचा प्रश्न विचारणारा उद्धट ठरतो. तो उद्धटपणा मला आज करायचा आहे.

अकरा वेळा निवडून आलेली दोन माणसे आपल्या परिसराला ठाऊक आहेत. एक सांगोल्याचे गणपतराव देशमुख, दुसरे गोव्यातील सत्तरीचे प्रतापसिंह राणे. आकडा एकच. पण या एकाच आकड्याच्या पोटात किती वेगवेगळ्या गोष्टी मावतात हे पाहिले, म्हणजे आकड्याची पूजा किती पोकळ आहे ते कळते.

राणे १९७२ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडून प्रथम निवडून आले. पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि १९८० साली मुख्यमंत्री झाले. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले, तेव्हा त्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री तेच. त्यांच्याच कारकिर्दीत १९८५ साली गोवा विद्यापीठ उभे राहिले, त्यांच्याच कारकिर्दीत १९८७ चा राजभाषा कायदा झाला. त्या कायद्यात मराठीला मिळालेल्या जागेबद्दल आम्हा मराठी माणसांचे म्हणणे निराळे आहे, पण तो हिशोब आज काढायचा नाही. २००७ ते २०१२ ते सभापती होते. पन्नास वर्षे विधानसभेत, आणि एकदाही पराभव नाही. माणूस संयमी, सभागृहाचे रीतिरिवाज जाणणारा. २०१९ साली काँग्रेसचे दहा आमदार एका रात्रीत दुसऱ्या घरी नांदायला गेले, तेव्हा हे गेले नाहीत, हेही त्यांच्या खाती जमा केले पाहिजे.

मग आक्षेप कशाला? आक्षेप जानेवारी २०२२ ला आहे. विधानसभेची निवडणूक महिन्यावर आली असताना गोवा सरकारने त्यांना तहहयात कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा देण्याचे ठरवले. कारण काय, तर आमदारकीची पन्नास वर्षे! सरकार भाजपचे, सन्मान काँग्रेसच्या आमदाराचा. वरवर पाहता किती उमदेपणा! पण पुढचा क्रम पाहा. काँग्रेसने त्यांची पर्ये मतदारसंघातून उमेदवारी जाहीर केलेली होती. त्यांनी माघार घेतली. भाजपची उमेदवारी त्यांच्या सूनबाईंना मिळाली आणि त्या मोठ्या मताधिक्याने निवडून आल्या. चिरंजीव त्याआधीच, २०१७ साली, काँग्रेसच्या तिकिटावर निवडून येऊन लगोलग राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले होते आणि मंत्री झाले होते. मी या घटना केवळ तारखांच्या क्रमाने मांडल्या आहेत. त्यांची सांगड घालणे हे वाचकांचे काम.

मी तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवत आलो आहे. विधानसभेची मुदत पाच वर्षे, हे आठवीच्या पोरालाही पाठ असते. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला मर्यादा घातली; सभासदसंख्येच्या पंधरा टक्के, आणि लहान राज्यांत किमान बारा. चाळीस आमदारांच्या गोव्यात म्हणून मुख्यमंत्री धरून बाराच मंत्री बसू शकतात. आता तहहयात दर्जा म्हणजे काही मंत्रिपद नव्हे, असा बचाव होईल. शब्दाने तो खरा आहे. पण ज्या राज्यघटनेने मंत्र्यांची डोकी मोजून दिली, तिच्या डोळ्यांदेखत मंत्र्याचा मान आणि सोयी जन्मभरासाठी वाटायच्या, हे तिच्या अक्षराला धरून असेल, आत्म्याला खचित नाही. मंत्र्याचा दर्जा हा मंत्र्याच्या कामासाठी असतो. काम संपले की दर्जा संपला. काम नाही आणि दर्जा आहे, याला आपल्याकडे जुना शब्द आहे: वतन. वतने आपण कायद्याने बुडवली. ती अशी मागील दाराने परत आणायची का? या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. पण माझा प्रश्न न्यायालयाला नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांना आहे.

‘जनतेनेच अकरा वेळा निवडून दिले ना? मग तुम्ही मास्तर कोण विचारणारे?’ हा प्रश्न मला ऐकू येतो आहे. त्याचे उत्तर सत्तरीच्या जमिनीत आहे. चोर्ला घाट उतरून केरीत शिरले, की आमच्या खानापूर तालुक्यातल्या माणसाला परके वाटत नाही. तेच डोंगर, तीच भाषा, सोयरीकही तीच. आमच्याच तालुक्यात उगम पावलेली म्हादई पुढे याच सत्तरीतून वाहते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या काजूची बागायत करणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या नावावर ती जमीन नाही. मोकासे, आल्वारा, सरकारी, वनखात्याची अशा नोंदींच्या गुंत्यात ती अडकलेली. १९९९ साली म्हादई अभयारण्य जाहीर झाले आणि गुंता आणखी वाढला. जानेवारी २०२१ मध्ये मेळावलीच्या बायाबापड्या आयआयटीच्या जागेची मोजणी अडवायला पोलिसांपुढे उभ्या राहिल्या, त्या शिक्षणाच्या वैरी म्हणून नव्हे. कसत असलेली जमीन कागदावर आपली नाही, या भयाने. सरकारला त्याच महिन्यात प्रकल्प तिथून हलवावा लागला.

मेळावली राण्यांच्या मतदारसंघात नव्हे, चिरंजीवांच्या वाळपईत येते, हे मला ठाऊक आहे. जमिनीचा हा गुंता पोर्तुगीज काळापासूनचा आहे, तो एकट्या राण्यांनी केला नाही, हेही मान्य. पण सत्तरी एकच आहे. तिचा पुत्र मुख्यमंत्रिपदाच्या खुर्चीवर अनेक वर्षे बसला, विधानसभेत अर्धे शतक बसला, आणि तरी सत्तरीच्या कुळाला आपल्या काजूखालच्या मातीचा कागद मागत रस्त्यावर यावे लागले. मग त्या पन्नास वर्षांचे मोजमाप कशाने करायचे, मतांनी की कागदांनी? ज्याच्या जमिनीचा कागद दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याचे मत कितपत मोकळे असते? अकरा वेळा पडलेल्या मतांत श्रद्धा किती आणि अडचण किती, हे मतपेटी सांगत नाही.

आता सांगोला. गणपतराव १९६२ साली शेतकरी कामगार पक्षातर्फे निवडून आले आणि अखेरपर्यंत त्याच पक्षात राहिले. १९७२ मध्ये पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी पडले, १९९९ मध्ये परत आले. २०१४ ची निवडणूक त्यांनी सत्तरीचे वय, आणि ऐंशीही, ओलांडून गेल्यावर जिंकली. १९७८ आणि १९९९ ची मंत्रिपदे सोडली तर बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर गेले. विरोधी बाकावर बसून पर्जन्यछायेतल्या तालुक्याला पाणी मिळवायचे, म्हणजे सरकारी फायलीशी जन्मभराची कुस्ती. १९९३ पासून आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरू लागल्या. तिथे गणपतराव कृष्णेच्या पाण्यावरचा दुष्काळी तालुक्यांचा हक्क मांडत राहिले. सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती चालवून दाखवली. एसटीने फिरले.

पण इथेही मी पाढा म्हणणार नाही. साधेपणाच्या गोष्टी सांगून आम्ही गणपतरावांनाही देव्हाऱ्यात बसवून टाकले, कारण देव्हाऱ्यातला माणूस प्रश्न विचारत नाही. त्यांच्या हयातीतच, २०१९ साली, सांगोल्यात जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. पाणी सगळीकडे पोचले नव्हते. आणि त्यांच्यानंतरची उमेदवारी? २०१९ मध्ये एक नातू उभे राहिले आणि थोडक्यात पडले, २०२४ मध्ये दुसरे नातू निवडून आले. म्हणजे विचाराने चाललेल्या पक्षालाही अखेर घराचाच उंबरठा सापडला. अर्धशतक एका माणसाच्या खांद्यावर चालणाऱ्या राजकारणाची ही ठरलेली अखेर आहे. त्या खांद्याशेजारी दुसरा खांदा तयारच होत नाही.

तरीही दोन अकरांत फरक आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. गणपतराव दोनदा पडले. माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीतली ही मोलाची बाब आहे. जिथे मोठा माणूस १९२ मतांनी पडू शकतो, तिथे मतदार जिवंत असतो. आणि पडल्यावर माणूस पक्ष न बदलता पुन्हा त्याच वेशीवर उभा राहतो, तेव्हा उमेदवारही जिवंत असतो.

विक्रमाचीच हौस असेल तर तीही फेडून घेऊ. तमिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा. अकराचा विक्रम तेराने मोडतो, तेराचा उद्या चौदाने मोडेल. हातात उरते काय?

शिक्षकांच्या खोलीत सेवाज्येष्ठतेची यादी लावलेली असते. मुख्याध्यापकाची खुर्ची मला त्याच यादीने मिळाली. त्या यादीचा एक गुण आहे, ती खोटे बोलत नाही. नोकरीत किती वर्षे झाली एवढेच सांगते. कोण शिकवतो, ते वर्गातल्या मुलाला विचारावे लागते. आमदारांची यादीही तशीच आहे. तिला वर्षे विचारावीत, कर्तृत्व विचारू नये. ते विचारायचे असेल तर काजूच्या बागेत आणि छावणीत जावे.

आम्ही सीमाभागातल्यांनी हे का बोलावे? कारण नावावर विसंबण्याची किंमत आम्ही मोजतो आहोत. १९५७ पासून समितीच्या उमेदवारांना इथल्या मराठी माणसाने विधानसभेत पाठवले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही निवडून आला नाही. त्याला कारणे पुष्कळ असतील; पण कार्यकर्ते घडवण्यापेक्षा नेते मिरवण्यात आमची शक्ती गेली, हे त्यातले एक आहे. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आम्ही पाठ केली आणि आयुष्यभर रावच शोधत राहिलो.

तेव्हा यापुढे ‘इतक्या वेळा आमदार’ अशा सत्काराची पत्रिका दारात आली, तर जरूर जावे. पुष्पगुच्छही द्यावा. मात्र सोबत एक कागद न्यावा. त्यावर पहिल्या निवडणुकीच्या साली गावात किती जणांच्या नावे जमीन होती, किती विहिरींना उन्हाळ्यात पाणी होते, किती वर्ग शिक्षकांविना होते हे लिहावे, आणि त्याच रांगेत आजचे आकडे भरायला सत्कारमूर्तींना नम्रपणे सांगावे. तहहयात दर्जा मागणाऱ्याला एवढा हिशोब जड जाऊ नये.